पाण्याचा तडाखा

नांदेडला गोदावरीत पोहायला उतरणाऱ्या मुलांना एक गोष्ट अनुभवानेच कळते. हात पुढे करून सूर मारला, तर पाणी अलगद आत घेते. तीच उडी चुकून पोटावर आपटली, तर पोट लालबुंद होते! पाणी तेच आणि मूलही तेच. मग मघाचे मऊ पाणी आता असे कठीण कसे झाले?

पाण्याला बाजूला सरकायला वेळ लागतो. आपण सावकाश शिरलो तर तो वेळ त्याला मिळतो. वेगाने व सपाट आदळलो तर मिळत नाही आणि मग तडाखा बसतो. आता उलटा विचार करा. माणूस जागच्या जागी उभा आहे आणि पाणीच वेगाने त्याच्यावर येऊन आदळते आहे. जमाव पांगवण्यासाठी पोलीस जी 'जलतोफ' वापरतात, तिचे तत्त्व हेच.

जलतोफेत असते काय?

एक मोठी मोटारगाडी, तिच्यावर पाण्याची टाकी, एक जोरकस पंप आणि हवे तिकडे वळवता येणारी निमुळती नळी, एवढेच तिचे मुख्य भाग. बागेतल्या रबरी नळीचे तोंड अंगठ्याने अर्धवट दाबले की पाणी लांब उडते, हे तुम्ही पाहिले आहेच. येथे अंगठ्याचे काम निमुळते तोंड करते, तर मागून रेटण्याचे काम पंप करतो.

आपण थोडा हिशेब करू. पंपाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठपट आहे असे धरा. अशा दाबाखाली पाणी सेकंदाला जवळजवळ ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने बाहेर पडते. दर सेकंदाला १५ लिटर, म्हणजे १५ किलोग्रॅम पाणी सुटत असेल, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार,

बल = दर सेकंदाचे वस्तुमान × वेग = १५ × ४० = ६०० न्यूटन.

हे बल सुमारे ६१ किलोग्रॅम वजनाइतके झाले! गाडीलाही तेवढाच धक्का उलट दिशेने बसतो. हा झाला न्यूटनचा तिसरा नियम. म्हणून ही नळी हातात न धरता जड गाडीवर पक्की बसवलेली असते.

माणूस का पडतो?

साठ किलो वजनाच्या माणसाचे पाय जमिनीवर टिकतात ते घर्षणामुळे. साधारण रस्त्यावर हे घर्षण ३०० न्यूटनच्या आसपास धरता येईल. ओल्या, चिखलाच्या जागी ते आणखी कमी होते. शिवाय धार छातीवर बसली, तर ती गुरुत्वमध्याच्या वर बसते, त्यामुळे माणूस मागे ढकलला तर जातोच, पण उलथतोही. अशा वेळी डोके दगडावर आपटण्याचा धोका असतो.

मात्र धार जसजशी दूर जाते, तसतशी हवा तिला अडवते आणि फोडते. अखंड धारेचे थेंब होतात, थेंबांचा फवारा होतो. म्हणून लांबून नुसते भिजवणारे पाणी जवळून इजा करू शकते. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला तर ते सहन होतच नाही. ३० सप्टेंबर २०१० रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे रेल्वे स्थानकाच्या योजनेविरुद्ध निदर्शने चालू असताना एका निवृत्त अभियंत्याची दृष्टी अशा धारेने जवळजवळ गेली. ती कारवाई बेकायदा होती, असा निर्णय तेथील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. त्याआधी, मे १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर अग्निशामक दलाच्या नळ्या सोडल्या गेल्या. ती छायाचित्रे पाहून जग हळहळले. गोळीपेक्षा पाणी बरे, हे खरे. पण 'पाणीच तर आहे' असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही. अंतर, दाब आणि नेम यांवर सारे अवलंबून आहे.

आता पाण्याचा हिशेब

सेकंदाला १५ लिटर म्हणजे मिनिटाला ९०० लिटर. नऊ हजार लिटरची टाकी दहा मिनिटांत रिकामी! हा आकडा मराठवाड्यातल्या वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे, मारामाऱ्या होतील या भीतीने प्रशासनाने मार्चमध्ये त्या परिसरात पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा जमावबंदीचा आदेश काढला. (त्या वेळी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी नवा कायदा आला असून, त्यातील कलम १६३ खाली तो निघतो.) येथे गर्दी कशासाठी होती? हंडाभर पाण्यासाठी!

आदेशाने गर्दी थांबवता येते, तहान थांबवता येत नाही. एप्रिलमध्ये सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने आणावे लागले. त्यासाठीचे टँकर-डबे राजस्थानातील कोटा येथे वाफेने स्वच्छ केले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी १० डबे, म्हणजे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. पुढे ५० डब्यांच्या गाडीतून सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. म्हणजे एका मोठ्या गाडीतून माणशी जेमतेम साडेसहा लिटर! या मापाने जलतोफेच्या एका टाकीत किती जणांचा वाटा मावेल? भागाकार करून पाहा. उत्तर १,३८० च्या आसपास येईल.

करून पाहा : प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी, मध्यावर आणि वरच्या बाजूला सारखी तीन छिद्रे पाडा. बाटली पाण्याने भरून न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवा. कोणत्या छिद्रातून पाणी सर्वांत वेगाने निघते आणि पातळी उतरू लागल्यावर धारेचे काय होते, याची नोंद करा. खाली घमेले ठेवायला विसरू नका. ते पाणी झाडांना घालता येईल.