गरम पाण्याने पोटातले तेल निघून जाते?

जुईनगर स्थानकाबाहेर गाडीवर गरमागरम वडापाव खायचा आणि घरी येऊन पेलाभर कढत पाणी प्यायचे, म्हणजे पोटातले तेल वितळून निघून जाते, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण पोटात ३७ अंश सेल्सिअसला तळणीचे तेल गोठतच नाही. ते तर फडताळातल्या बरणीतही पातळ असते.

अडचण वेगळीच आहे. तेल पाण्यात मिसळत नाही आणि पाचकरस असतात पाण्यासारखे. तेलकट कढईला नुसते गरम पाणी पुरत नाही, साबण लागतो. लहान आतड्यात ते काम पित्तरसातले क्षार करतात. तेलाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडातले लायपेज त्यांचे तुकडे पाडते. जठरातही थोडे पचन होते, पण मुख्य काम लहान आतड्यातलेच.

पित्ताशय काढले की तूप-तेल कायमचे बंद, हाही गैरसमजच. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशय तो फक्त साठवते. शस्त्रक्रियेनंतर तो आतड्यात थेट झिरपत राहतो. काहींना जड जेवणानंतर जुलाब होतात; त्यांनी डॉक्टरांना विचारून थोडे थोडे खावे.

पचलेली चरबी थेट पोटावर जाऊन बसते, असेही म्हणतात. तिचा खरा प्रवास मोठा विलक्षण आहे. तुकडे आतड्याच्या पेशींत शिरतात, तिथे पुन्हा जोडले जातात आणि त्यांवर प्रथिनांचे आवरण चढते. हे कण रक्ताच्या केशवाहिन्यांच्या भिंतींतून आत शिरू शकत नाहीत, म्हणून ते लसिकावाहिन्यांत उतरतात. इटलीच्या गास्पारे आसेल्ली या शल्यविशारदाला १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याभोवती दुधाळ रेषा दिसल्या, त्या याच. तिथून चरबी छातीतून वर चढते आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी रक्तात मिसळते. खोबरेल तेलातली काही लहान मेदाम्ले मात्र रक्तावाटे थेट यकृतात जातात. रक्तात आलेली चरबी स्नायू इंधन म्हणून वापरतात. गरजेपेक्षा जास्त खाल्ले तरच साठा वाढत जातो.

वजन उतरवण्यासाठी तेल पूर्ण तोडणाऱ्यांचेही नुकसान होते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीसोबतच नीट शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी आणि दाण्याचे कूट घातले, तर गाजरातले कॅरोटीन कोरड्या किसापेक्षा जास्त अंगी लागते.