ईर्षा हवी, नुरा नको!

कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत जा आणि 'नुरा' म्हणजे काय ते विचारा. मिसरूड न फुटलेले पोरसुद्धा सांगेल. दोन पैलवान आखाड्यात उतरण्यापूर्वीच आपसात ठरवून घेतात, कोणी पडायचे, किती वेळाने पडायचे, की बरोबरीत सोडवून इनाम वाटून घ्यायचे. मग हलगी कडाडते, खडाखडी होते, माती उडते. हजारो माणसे श्वास रोखून जे पाहतात ते मात्र खरे नसते. ती नुरा कुस्ती. पुढाऱ्यांच्या लुटूपुटूच्या भांडणालाही आपण हाच शब्द वापरतो.

हा शब्द शाळकरी मुलांच्या स्पर्धेत, तोही यंत्रमानवांच्या लढतीत आमच्या कानावर पडेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आता हा खेळ पोहोचला आहे. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, अशी ही योजना. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या. ज्या घरात बापाने कधी पाना धरला नाही त्या घरातली मुलगी आज मोटार जोडते, सेन्सर बसवते, संगणकावर आज्ञावली लिहिते. महाविद्यालयीन मुलांची रोबोकॉन तर आपल्या पुण्यातही रंगली. २००८ साली तेथे झालेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉनचा विषय चक्क आपली दहीहंडी होता. यंत्रमानवांनी हंडीतले लोणी काढायचे होते!

आम्ही वस्तीतले चार कार्यकर्ते समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दिवसभर कचेरीत जावक-आवक आणि संध्याकाळी पोरांची गणिते. तीन वर्षांपूर्वी मुलांनी हट्ट धरला, आम्हांलाही रोबोटच्या स्पर्धेत उतरायचे आहे. कोणी शाळेतून जुने सुटे भाग मागून आणले, कोणी वर्गणी काढली. गाडी तयार झाली.

कोपऱ्यात उभी राहिलेली गाडी

स्पर्धेची रीत अशी होती. मैदानावर एका वेळी चार यंत्रे. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला. जोडीदार चिठ्ठीने ठरणार. अडीच मिनिटांत ज्या जोडीची यंत्रे जास्त चेंडू टोपलीत टाकतील ती जोडी जिंकली. प्रत्येक लढतीत जोडीदार बदलतो, म्हणून गुण मात्र ज्याच्या त्याच्या खात्यावर. गुणानुक्रमे वरचे संघ पुढच्या फेरीत.

शेवटच्या लढतीत आमच्या मुलांना जोडीदार मिळाला एका मोठ्या शाळेचा संघ. तो पुढच्या फेरीत जाणार हे नक्की होते. समोर त्याच शाळेचा दुसरा संघ, ज्याला पुढे जाण्यासाठी ही एक लढत जिंकायलाच हवी होती. शिट्टी झाली. आमच्या जोडीदाराची गाडी चार हात पुढे आली, कोपऱ्यात गेली आणि अडीच मिनिटे तिथेच उभी राहिली. आमची गाडी एकटी दोघांशी झुंजली आणि हरली. आमची मुले स्पर्धेबाहेर गेली. लढत संपताच समोरच्या मुलांनी आमच्या 'जोडीदारां'ना मिठी मारली.

आमच्या शेजारी एका मुलाचे आजोबा बसले होते, जुने कुस्तीशौकीन. ते हळूच म्हणाले, "अवो, ही तर नुराच की!"

आम्ही पंचांकडे गेलो. ते म्हणाले, यंत्र बंद पडले, आम्ही काय करणार? त्यांच्या बाजूने ते खरेही होते. पुरावा काय? गाडी चालवणारी आमची सातवीतली मुलगी मात्र मैदानाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. हरल्याचे दुःख तिला नव्हते. आदल्या दोन लढती ती हरलीच होती आणि तेव्हा हसत होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे माणूस, उभा जन्म खतावणीत गेला. आम्हांला वाटते ते असे. ठरवून हरणे म्हणजे वहीत केलेली खोटी नोंद. बेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. पण एका ठिकाणी जी रक्कम खोटी वाढवली ती दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून गेलेली असते. नुरा खेळणारे दोघे म्हणतात, आमचे आम्ही ठरवले, कुणाचे काय गेले? ज्याचे गेले तो तिसरा असतो आणि बहुधा त्याला बोलायला जागा नसते.

मोठ्यांनीच गिरवलेला कित्ता

हा रोग मुलांनी शोधून काढलेला नाही. १९८२ च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार होते, आणि आदल्या दिवशी आपला सामना संपवून बसलेला अल्जीरिया बाहेर पडणार होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि मग उरलेला वेळ दोन्ही संघ नुसता चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. अल्जीरिया बाहेर गेला.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तर झळ आपल्यालाच लागली. महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून काही जोड्या गटातला शेवटचा सामना हरण्याची धडपड करू लागल्या. सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, अशा चार जोड्यांना, म्हणजे आठ खेळाडूंना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांच्या गटातही जपानची जोडी तैवानच्या जोडीकडून हरली आणि त्या हिशेबात आपली जोडी थोडक्यात बाहेर पडली. भारताने तक्रार केली, ती फेटाळली गेली.

दोन्ही वेळी पुढे काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. फुटबॉलमध्ये १९८६ पासून विश्वचषकातील गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. बॅडमिंटनमध्ये गटफेरी संपल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांसाठी नव्याने चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. म्हणजे नुसता उपदेश केला नाही, हरण्यात जो फायदा होता तोच काढून घेतला.

यंत्रमानव स्पर्धांनीही यावर विचार केला आहे. डीन केमन या संशोधकाने १९८९ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या 'फर्स्ट' संस्थेच्या स्पर्धा जगभर होतात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तेथे 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' हे तत्त्व रुजवले. अर्थ असा की, जीव तोडून लढायचे, पण समोरच्याचा मान राखून. म्हणून तिथे प्रतिस्पर्ध्याची मोटार जळाली तर आपल्याकडची जादा मोटार त्याला देतात आणि मग त्याच्याशी लढतात. त्यांच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलेले असते की, आपण ज्या जोडीत नाही त्या जोडीला कुवतीपेक्षा कमी खेळायला सांगणे हाच गुन्हा. तसे सांगितले म्हणून कमी खेळणे हाही गुन्हा. पण आपल्या जोडीने आपसात ठरवून आखलेला डाव मात्र गुन्हा नाही.

माघार आणि नुरा यांत फरक आहे

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. न खेळणे आणि खोटे खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पळवणकर बंधूंचे उदाहरण घ्या. बाळू पळवणकर हे आपल्या देशातले पहिल्या पिढीतले थोर गोलंदाज. अस्पृश्य जातीत जन्मले म्हणून त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी या अन्यायाविरुद्ध जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. मैदानात उतरून मुद्दाम झेल सोडले नाहीत. पुढे १९२३ साली विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले.

आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांचेही तसेच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीत आपल्याला मुद्दाम गुण कमी दिले अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत केले. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकून त्यांच्या प्रवासाची सोय केली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अन्याय झाला तर दाद मागावी, उघड मागावी.

उलट उदाहरणही ताजे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, पंचाला लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तक्रार खरी होती की खोटी, हा प्रश्नच मग मागे पडला.

आमचीही परीक्षा झाली

दुसऱ्याच वर्षी आमच्या अभ्यासिकेचे दोन संघ उतरले. योगायोग पाहा. पहिला संघ पुढच्या फेरीत गेल्यात जमा होता, दुसऱ्याला शेवटची लढत जिंकणे भाग होते आणि नेमकी दोघांची गाठ पडली. पहिल्या संघाला चिठ्ठीने जोडीदार मिळाला एका खेड्यातल्या शाळेचा संघ. हरला असता तर तो घरी जाणार होता.

आमचे एक सहकारी आमच्या कानाशी लागले. "अहो, दोन्ही पोरं आपलीच न्हवं? पहिल्यांनी जरा हात आखडता घेतला तर आपली दोन्ही पुढं जातील. आजवर आपल्याला कुणी काय दिलंय?"

वाचकांपासून काय लपवायचे? आम्ही 'नको' म्हणालो नाही. गप्प बसलो. मनात म्हणालो, एकदाच तर आहे. सहकाऱ्यांनी ती गप्पी होकार समजली आणि मुलांना सांगितले. तेव्हा तीच मुलगी, आता आठवीतली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने त्या खेड्यातल्या मुलांकडे बोट केले आणि म्हणाली, "काका, मग गेल्या साली मी रडलो ते उगंच व्हय?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. मुले पूर्ण ताकदीने खेळली. खेड्यातली शाळा पुढे गेली, आमचा दुसरा संघ बाहेर पडला. पहिला संघही पुढच्याच फेरीत गारद झाला. परतताना बसमध्ये कोणी बोलत नव्हते. दुसऱ्या संघातला एक मुलगा चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच पाना घेऊन आला आणि तिच्या गाडीचे सैल झालेले चाक आवळू लागला.

करायचे काय?

आयोजकांना आमची विनंती आहे. गटातल्या शेवटच्या लढती शक्य असेल तर एकाच वेळी घ्या. एका शाळेचे दोन संघ असतील तर त्यांची गाठ सुरुवातीलाच घाला, शेवटी नको. क्रमवारी नुसत्या हारजितीवर न लावता प्रत्येक यंत्राने स्वतः केलेल्या कामाचे गुणही मोजा, म्हणजे उभ्या राहणाऱ्याचे नुकसान होईल. नियम स्पर्धेआधी छापा आणि मराठीत छापा.

पंचांनी घाई करू नये. बॅटरी उतरते, तार निसटते, मोटार जळते. बंद पडलेले प्रत्येक यंत्र लबाड नसते आणि खोटा आळ हाही मुलांवर अन्यायच. लढतीनंतर यंत्र पाहावे, मुलांना शांतपणे विचारावे, शंका असेल तर ताकीद द्यावी, सिद्ध झाले तरच शिक्षा. आणि शिक्षा चालवणाऱ्या पोराआधी, सांगणाऱ्या मोठ्या माणसाला.

शिक्षक आणि पालकांसाठी एकच कसोटी पुरे. जो डाव तुम्ही मुलांना सांगता, तो माईकवरून साऱ्या मैदानाला सांगता येईल का? बॅटरी वाचवायची आहे, नवी आज्ञावली तपासून पाहायची आहे, हे जोडीदाराला विचारून करा, ते उघड सांगता येते. जे कानात सांगावे लागते ते सांगू नका. आपल्या मुलावर अन्याय झाला तर मुलालाच तक्रार लिहायला शिकवा, आपण आरडाओरडा करू नका.

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले. त्याची रचनाच अशी की, कोठेही बसा, आखाडा दिसतो. सर्वांत मागे बसलेल्या गरिबालाही कुस्ती दिसली पाहिजे. पण जे दिसते ते खरेही असले पाहिजे, ही जबाबदारी आखाड्यात उतरणाऱ्याची आणि त्याच्या वस्तादाची.

आपण कोल्हापूरकर ईर्षेची माणसे. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची फुटबॉलची ईर्षा पाहावी! ती ईर्षा आमच्या मुलांत जरूर यावी. आमची मुलगी यंदा दहावीत आहे, स्पर्धेला उतरणार नाही. पण संध्याकाळी समाजमंदिरात ती लहानांना गाडी जोडायला शिकवते. परवा एकाने तिला विचारले, "ताई, जिंकायचं कसं?" ती म्हणाली, "ते नंतर सांगतो. आधी तारा नीट जोड."