पावसानं तडकलेली पुंगळी

पाटण खोऱ्यातल्या एका निवृत्त फौजीकाकांच्या देव्हाऱ्यात उदबत्तीचं घर म्हणून एक पितळी पुंगळी उभी असते. थ्री नॉट थ्री रायफलच्या काडतुसाची, उंची जेमतेम 56 मिलिमीटर. काकी दर सणाला चिंच-मीठ लावून घासतात, त्यामुळे ती सोन्यासारखी लखलखते. बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं आहेत, म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 सालचा. काकांना विचारून मी उदबत्ती बाजूला काढली आणि टॉर्च लावून आत डोकावलो. तळाशी सुईनं पाडावीत तशी दोन बारीक भोकं होती. ठिणगी त्यांतून वर यायची. एवढ्याशा भांड्यात किती डोकं घातलंय माणसानं!

ते कळायला आधी ठासणीच्या बंदुकीकडे जावं लागतं. पाटण, जावळी, तिकडे सांगलीच्या शिराळ्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ही बंदूक पिढ्यान् पिढ्या घरात राहिली. रानडुक्कर रात्रीत भुईमुगाचं शेत उकरून टाकतं, गवा उसात शिरतो. त्यांना पळवायला एक आवाजाचा बार पुरे. पण तो बार दर वेळी हातानं भरायचा. नळीत दारू, वर काथ्या किंवा चिंध्या, मग गजानं ठासायचं, आणि मागं ठिणगी पाडणारी केप बसवायची. थोडक्यात, या बंदुकीचं काडतूस शेतकरी दर वेळी नळीतच तयार करतो. सगळा खेळ कोरड्या दारूवर. सह्याद्रीच्या कुशीत आषाढाच्या झडीत दारू सादळली की नुसती केप वाजते आणि डुक्कर आपलं खात राहतं.

पितळी पुंगळीनं ही अडचणच मिटवली. दारू, गोळी आणि केप या तिन्ही वस्तू एका घट्ट डब्यात बंद झाल्या. पण माझ्या मते तिची खरी करामत बार उडतो त्या क्षणातली आहे. दारू पेटली की आत हवेच्या दाबाच्या 3,000 पटींहून जास्त दाब तयार होतो. त्या दाबानं पितळ फुगतं, नळीच्या भिंतीला चिकटतं आणि मागं येणाऱ्या वायूची वाट बुजवतं. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, तसं पितळ किंचित आकसून भिंतीपासून सुटतं. म्हणून बोल्ट ओढला की पुंगळी सहज बाहेर येते. 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. हे प्रमाण असं जमलंय की पितळ ताणही घेतं आणि परतही येतं.

गोळी गेली, दारू जळाली, केप ठेचली गेली. चारांतली पुंगळी तेवढी उरते. महाग तीच आणि टिकाऊही तीच. अमेरिकेत हौशी नेमबाज घरच्या टेबलावर काडतुसं पुन्हा भरतात ती एवढ्याच हिशोबावर. सुरुवातीला एक साधं हाती दाबयंत्र, पुंगळीला मूळ मापावर आणणारा साचा आणि सराफाकडं असतो तसा नाजूक काटा, एवढ्यावर त्यांचं भागतं. पैसे वाचवायचे तर दाबयंत्रात वाचवावेत, काट्यात नाही, कारण दारूच्या वजनातली चूक थेट हातावर येते. काकांच्या पुंगळीतली दोन भोकं पाहून मात्र ते लोक हळहळतील. मध्ये एकच भोक असेल तर सरळ सळई घालून जुनी केप ढकलता येते; दोन भोकांच्या पुंगळीत ते जमत नाही.

आपल्याकडे हा घरचा छंद होऊ शकत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीच्या परवान्यावरही वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं, त्या प्रकारातली .22 ची काडतुसं तर पुन्हा भरण्यासारखीच नसतात. केपेतला मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. एकदा काठ ठेचला की संपलं. सरावाची प्रत्येक गोळी नवी विकत घ्यायची.

मला सगळ्यात थक्क केलं ते याच्या पुढच्या गोष्टीनं. दारू पावसापासून वाचवायला पुंगळी आली, आणि हिंदुस्थानच्या पावसानं पुंगळीलाच गाठलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली असायची. पावसाळा सरला की बघावं तर कुणी हात न लावता पितळाला तडे गेलेले! कारण 1921 मध्ये कागदावर आलं. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसायचा आणि नेमका जिथं धातू ताणलेला असेल तिथं आत शिरायचा. पुंगळी ओढून, दाबून घडवतात, म्हणून तिच्या अंगात तो ताण घर करून असतो. इंग्रजीत आजही या रोगाच्या नावात ऋतू आहे, आणि तो ऋतू म्हणजे आपला पावसाळा.

यावरचा उपाय कुठलाही तांबट ओळखेल. हंडा ठोकून ठोकून पितळ कडक झालं की तांबट तो भट्टीत तापवतो, धातू मऊ पडतो, आणि मग पुन्हा ठोकायला घेतो. पुंगळीचं तोंडही असंच तापवतात. काही लष्करी काडतुसांच्या गळ्याशी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्याच आचेची खूण.

काडतुसं भरणारे जाणते लोक म्हणूनच अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीजवळही फिरकू देत नाहीत. हे मी काकींना सांगितलं. त्यांनी पुंगळी माझ्या हातातून घेतली, चिंचेचा कोळ लावून बोटांचे ठसे पुसले, उदबत्ती परत खोचली आणि म्हणाल्या, “आमच्यात पितळेला चिंचच लागती बाबा.”