ॲपल सायडर व्हिनेगर : कोशिंबिरीत ठीक, चामखिळीवर नको

घाटकोपरच्या केमिस्टकडे मध आणि ग्रीन टीच्या शेजारी, मुलुंडच्या सुपरमार्केटमध्ये तेलांच्या रांगेत, आणि आता बोरिवलीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली दिसते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर तिचे गुण गायले जातात. पोट उतरतं, शुगर आटोक्यात येते, कोंडा जातो. मग कुणीतरी हळूच भर घालतं, ‘आमच्या टॉमीलाही लावतो, गोचिडी पळतात!’

व्हिनेगर उपनगरांना नवं नाही. मरोळ, आंबोली, गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत मटणाला आणि लोणच्याला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. नवा आहे तो त्याला मिळालेला औषधाचा मान. हा मान कुठे रास्त आहे आणि कुठे फुकटचा, ते एकेक करून पाहू.

गैरसमज : तळाशी बसणारी ‘मदर’ म्हणजे जीवनसत्त्वांचा साठा.

वस्तुस्थिती : सफरचंदाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं आणि त्या अल्कोहोलचं जिवाणू ॲसिटिक ॲसिड करतात. ‘मदर’ हा त्या जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा साका. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, जेमतेम ३ कॅलरी आणि १० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. क जीवनसत्त्व जवळपास नसतंच. एका केळ्यात याच्या तीसपट तरी पोटॅशियम मिळतं. बाटलीत मुख्य काम करतं ते ॲसिड. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये ते किमान ३.७५ टक्के हवं. सायडर व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के असतं. नुसतं ॲसिटिक ॲसिड पाण्यात कालवून केलेलं असेल, तर लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिणं बंधनकारक आहे. तेवढं वाचून घ्यावं.

गैरसमज : रोज दोन चमचे घेतलं की वजन झरझर उतरतं.

वस्तुस्थिती : जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्थूल व्यक्तींनी १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर घेतलं. वजन उतरलं, पण एक ते दोन किलो. आणि व्हिनेगर थांबल्यावर काटा पुन्हा मूळ जागी येऊ लागला. ‘तीन महिन्यांत सहा-आठ किलो’ हा आकडा फिरतो तो लेबनॉनमधल्या २०२४ च्या एका शोधनिबंधावरून. त्यातल्या आकडेवारीवर संख्याशास्त्रज्ञांनी बोट ठेवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. निबंध गेला, फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय.

गैरसमज : व्हिनेगर सुरू केलं की डायबेटिसच्या गोळ्या सोडता येतात.

वस्तुस्थिती : इथे खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच धोका जास्त. भात, पाव, बटाटा अशा पिठूळ जेवणासोबत व्हिनेगर घेतलं तर पोट सावकाश रिकामं होतं आणि जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये २००४ साली झालेल्या छोट्या प्रयोगात हे दिसलं. पण गोळीची जागा घेण्याइतका हा परिणाम मोठा नाही. उलट इन्शुलिन घेणाऱ्या आणि पोट आधीच मंदावलेल्या रुग्णाच्या बाबतीत इन्शुलिन आधी काम करतं, अन्न मागून पोचतं, आणि साखर एकदम घसरू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम कमी होण्याची भीती. ऑस्ट्रियात १९९८ साली नोंदवलेली एक रुग्ण, वय २८, काही वर्षं रोज पाव लिटर व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं आणि हाडं ठिसूळ झाली होती.

गैरसमज : सकाळी अनशेपोटी एक घोट घेतला की ॲसिडिटी जाते.

वस्तुस्थिती : छातीतल्या जळजळीवर व्हिनेगर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नुसतं प्यायलं तर घसा आणि अन्ननलिका भाजू शकते. दातांचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली झिजायला लागतं, आणि व्हिनेगरचा पीएच असतो अडीच ते तीन. घ्यायचंच असेल तर एक-दोन लहान चमचे भरपूर पाण्यात, जेवणासोबत घ्यावं. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश करू नये, कारण ॲसिडने मऊ पडलेलं इनॅमल ब्रशने खरवडतं.

गैरसमज : चामखीळ, तीळ, नायटा यावर कापसाचा बोळा बांधून ठेवावा.

वस्तुस्थिती : बोळा तासन्‌तास बांधला की त्वचा अक्षरशः भाजते. नाकावरचे तीळ काढायला असा प्रयोग करून जखमा करून घेतलेल्या १४ वर्षांच्या मुलीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. इसबावर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात २०१९ साली चाचणी झाली. २२ जणांनी रोज १० मिनिटं पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये हात बुडवला. त्वचा सुधारली नाही, उलट १६ जणांना चुरचुर झाली. पावसाळ्यात लोकलच्या गर्दीत घामेजलेल्या कपड्यांखाली वाढणाऱ्या नायट्याला बुरशीवरचं औषध लागतं, तेही डॉक्टर सांगतील तितके आठवडे. आणि तिळाचा रंग किंवा आकार बदलत असेल तर तो जाळायचा नसतो, दाखवायचा असतो.

गैरसमज : कुत्र्याला व्हिनेगर फवारलं की गोचिडी आणि पिसवा मरतात.

वस्तुस्थिती : वासाने त्या थोडा वेळ दूर राहतील, मरत नाहीत. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, जिन्याच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. तिथपर्यंत तुमची फवारणी पोचत नाही. तिच्या चाव्यातून कुत्र्याला गोचीडताप होतो. ताप येतो, हिरड्या फिकट पडतात, प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी फवाऱ्यावर घालवलेला आठवडा महागात पडतो. खाजवून सोललेल्या कातडीवर व्हिनेगर लागलं तर जनावर कळवळतं. कानातही ओतू नये. पडदा फाटलेला आहे की नाही, हे पशुवैद्यच तपासू शकतात. गोचिडीवरची औषधं त्यांनाच विचारून, वजनाप्रमाणे द्यावीत. एक लक्षात ठेवा, परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर जीव जाऊ शकतो.

गैरसमज : मांजराला लघवी अडली की पाण्यात व्हिनेगर घालावं, खडा विरघळतो.

वस्तुस्थिती : काही खडे आम्लधर्मी लघवीत विरघळतात हे खरं, पण त्यासाठी वेगळा आहार असतो, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे आम्लाला दाद देत नाहीत. शिवाय आंबट पाणी मांजर तोंडात घेत नाही, पाणी कमी पितं आणि त्रास वाढतो. बोका वारंवार जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर ती तातडीची वेळ आहे. जवळचा पशुवैद्य किंवा परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठा. एक-दोन दिवसांची दिरंगाईही जिवावर बेतते.

गैरसमज : म्हणजे औषधशास्त्रात व्हिनेगर अगदीच कुचकामी.

वस्तुस्थिती : हेही खोटं, आणि ते खोटं ठरलं मुंबईतच. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख महिलांवर मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला ४ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायच्या. म्हणजे जवळपास व्हिनेगरच. मिनिटभरात संशयास्पद पेशी पांढऱ्या दिसायच्या, आणि त्या बाईला पुढच्या तपासणीला पाठवलं जायचं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. ज्यांची तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली शिकागोच्या कर्करोग परिषदेत हे निष्कर्ष मांडले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली. तिथे व्हिनेगरने कुणाचा आजार बरा केला नाही, आजार दाखवला. प्रमाण ठरलेलं होतं, हात शिकलेले होते आणि पुढे उपचारांची सोय होती. घरी हा प्रयोग अर्थातच करायचा नाही.

तेव्हा बाटली आणली असेल तर कांदा-काकडीवर शिंपडा, लोणच्यात घाला, नळाच्या तोटीवरचे पाण्याचे पांढरे डाग त्याने काढा. आणि घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईने गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली आहे का, हे विचारा. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी ती दर पाच वर्षांनी सांगितलेली आहे. व्हिनेगरचा सगळ्यांत खात्रीचा फायदा हाच; आणि तो किराणा दुकानात नाही, दवाखान्यात मिळतो.