मालवणात आपला पैसा किती उरतो?

आम्ही अनगोळकर आंबोली घाट उतरून मालवणला जातो, होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर पोचतो. शिवरायांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. होडीची तिकिटं मोजून पर्यटकांचा आकडा मिळतो, खर्चाचा नाही. त्यासाठी परतणाऱ्यांनाच विचारावं लागतं: मुक्काम किती, जेवलात कुठे, खरेदी काय? मुक्कामी आणि एका दिवसाचे पाहुणे वेगळे धरून माणशी रोजच्या सरासरी खर्चाला माणसांनी, दिवसांनी गुणायचं.

मला मोलाचा वाटतो पुढचा प्रश्न: गावात उरलं किती? खानावळीतली सुरमई मालवण बंदरावरची असेल, तर पैसा तिथेच फिरतो. उलट मालदीवमध्ये बहुतेक अन्नधान्य आयात होतं. त्यामुळे पर्यटकांचा बराच पैसा परत बाहेर जातो. म्हणून मी मालवणात घरगुती खानावळच निवडते.