मुक्काम कुठे आणि कर कुठे?

पनवेल-रोहे लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू नावाचे एक लहानसे स्थानक लागते. मुंबई-गोवा महामार्गही याच परिसरातून जातो. एकेकाळी या वाटेने माणसे गिरणीत कामाला जात. पुढे ती जहाजावर आणि आखातात जाऊ लागली. रायगड जिल्ह्यातील अनेक घरांचा संसार आज दोन देशांत विभागलेला आहे. कर्ता पुरुष दुबईत वा दम्माममध्ये, म्हातारे आईवडील गावात, मुले पनवेलच्या शाळेत आणि पैसा बँकेच्या दोन-तीन खात्यांत, अशी ही विभागणी असते. अशा माणसाचा मुक्काम नेमका कुठे, हा प्रश्न भावनेचा वाटतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो अत्यंत रोकडा प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावरच त्याने कोणत्या सरकारला कर द्यावयाचा हे ठरते.

परदेशातील दीर्घ वास्तव्याविषयी बोलताना दोन भिन्न गोष्टींची सर्रास गल्लत होते. व्हिसा म्हणजे राहण्याची परवानगी आणि करनिवास म्हणजे कर देण्याचे उत्तरदायित्व. पहिली गोष्ट परराज्य देते. दुसरी त्या त्या देशाचा करकायदा ठरवतो. पारपत्रावर दहा वर्षांच्या वास्तव्याचा शिक्का असला म्हणजे मायदेशाच्या करातून सुटका झाली, असे मुळीच नाही. उलट, कोणताही दीर्घ मुदतीचा व्हिसा नसताना केवळ दिवस मोजून मनुष्य एखाद्या देशाचा करनिवासी ठरू शकतो.

धनिकांसाठी उघडलेली दारे

गेल्या दोन-अडीच दशकांत उष्ण कटिबंधातील अनेक देशांनी परकीयांच्या दीर्घ वास्तव्यासाठी दारे उघडली. मलेशियाने २००२ मध्ये 'माय सेकंड होम' ही योजना आणली. मॉरिशसने २०२० मध्ये 'प्रीमियम व्हिसा' सुरू केला. थायलंडने २०२२ मध्ये दीर्घ निवासाचा खास व्हिसा दिला; मात्र वर्षात १८० दिवस राहणाऱ्याने बाहेरून मिळवून देशात आणलेल्या उत्पन्नावरील कराचे नियम १ जानेवारी २०२४ पासून कडक केले. मॉरिशसमध्ये वर्षात १८३ दिवस, किंवा चालू व मागील दोन वर्षे मिळून २७० दिवस राहणारा करनिवासी समजला जातो. म्हणजे एका हाताने निमंत्रण आणि दुसऱ्या हाताने दिनदर्शिका, असा हा व्यवहार आहे.

आखातही यात मागे नाही. कर्कवृत्त सौदी अरेबिया, अमिराती आणि ओमान या तिन्ही देशांतून जाते. तेव्हा कोकणी माणसाच्या दृष्टीने 'उष्ण प्रदेशातील वास्तव्य' म्हणजे प्रामुख्याने हेच देश. अमिरातींनी २०१९ पासून 'गोल्डन व्हिसा' देण्यास प्रारंभ केला. सौदी अरेबियाने त्याच वर्षी विशेष निवासाची योजना जाहीर केली. तिच्यात कायम निवासाचे मूल्य आठ लाख रियाल आणि वार्षिक निवासाचे एक लाख रियाल होते. रोह्याचा वेल्डर किंवा नागोठण्याचा फिटर हे दार ठोठावू शकत नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचा इकामा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की राहण्याचा हक्कही संपतो. वीस-पंचवीस वर्षे त्या देशाच्या उभारणीत घालवूनही तो तेथे पाहुणाच राहतो.

आखातात कर नाही, हे विधानही अर्धेच खरे आहे. वेतनावर प्राप्तिकर नाही, हे निर्विवाद. परंतु सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परकीय कामगारांच्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियाल आकारणी सुरू केली आणि ती दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ४०० रियालवर नेली. पत्नी आणि दोन मुले असलेल्या कामगाराला याचा अर्थ महिन्याला १,२०० रियाल असा झाला. प्राप्तिकर निदान मिळकतीच्या प्रमाणात असतो; ही तर डोईपट्टी होती. कुटुंबाला गावी पाठवणे, एवढाच उपाय मध्यम वेतनाच्या माणसाच्या हाती उरला.

एका दिवसाचे मोल

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. भारतीय प्राप्तिकर नागरिकत्वावर नव्हे, तर निवासावर आधारलेला आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलेला मनुष्य निवासी ठरतो. नोकरीसाठी देश सोडणारा नागरिक आणि सुट्टीवर येणारा अनिवासी यांना साठ दिवसांची दुसरी, कडक कसोटी एरवी लागू होत नाही. त्यांना १८२ दिवसांचीच सवलत आहे. २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने १९६१ च्या कायद्याची जागा घेतली आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. तरी ही मूळ चौकट कायम ठेवली आहे.

या आकड्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कासूच्या परिसरातील एक तरुण नोकरीसाठी प्रथमच आखातात निघाला आहे. तो २८ सप्टेंबरला विमानात बसला, तर त्या वर्षातील त्याचे भारतातील दिवस भरतात १८१. तो अनिवासी, पुढील सहा महिन्यांच्या आखाती पगाराशी भारतीय प्राप्तिकराचा संबंध नाही. घरच्यांच्या आग्रहाने तो एक दिवस थांबला आणि २९ सप्टेंबरला निघाला, तर दिवस होतात १८२. तो निवासी; आणि सामान्य निवासी माणसाचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असल्याने तो पगारही हिशेबात येतो. एका रात्रीच्या मुक्कामाची एवढी किंमत असते, हे त्याला विमानतळावर कोणी सांगत नाही. तिकीट काढून देणारा दलाल तर नाहीच.

गुंतागुंत येथेच संपत नाही. परकीय चलनविषयक १९९९ चा कायदा दिवसांपेक्षा हेतूला महत्त्व देतो. नोकरीसाठी देश सोडणारा त्या कायद्याने निघताक्षणीच अनिवासी होतो आणि कायमचा परतलेला आल्याबरोबर निवासी होतो. १९७० पासून चालत आलेल्या अनिवासी बाह्य खात्यावरील व्याजाला जी करमाफी आहे, ती या दुसऱ्या कायद्यातील दर्जावर अवलंबून असते. कायमचा घरी परतलेला मनुष्य ते खाते बदलून घेत नाही, व्याज करमुक्तच समजत राहतो आणि काही वर्षांनी नोटीस हाती पडते. दोष त्याच्या लबाडीचा नसतो. एका माणसाला दोन कायद्यांच्या दोन घड्याळांनुसार चालावे लागते, याचा असतो.

जहाजावरील खलाशाची कथा आणखी वेगळी. तो कोणत्याच भूमीवर राहत नाही. परदेशगामी जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख त्याच्या खलाशी-पुस्तिकेत नोंदलेली असते व तीवरून त्याचे भारताबाहेरील दिवस मोजले जातात. त्याच्यासाठी ती पुस्तिका म्हणजे जवळजवळ दुसरी जन्मपत्रिकाच. अनिवासी खलाशाने परकीय जहाजावर, भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार येथील अनिवासी बाह्य खात्यात जमा झाला, एवढ्यावरून तो करपात्र होत नाही, हे स्पष्ट करण्यास केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला २०१७ मध्ये परिपत्रक काढावे लागले.

२०२० चा धडा

निवासाचा प्रश्न किती नाजूक आहे, हे २०२० साली दोनदा दिसून आले. १ फेब्रुवारीच्या वित्त विधेयकात अशी तरतूद होती की, जो भारतीय नागरिक अन्य कोणत्याही देशात करास पात्र नाही, तो भारताचा निवासी मानला जाईल. रोख होता देशोदेशी फिरून कोठेच कर न देणाऱ्या धनिकांवर. परंतु शब्दांच्या जाळ्यात सापडला तो आखातातील कामगार, कारण तेथे वैयक्तिक प्राप्तिकरच नाही. दुसऱ्याच दिवशी, प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्या कामगारांना ही तरतूद लागू करण्याचा उद्देश नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. अखेर कायदा झाला तेव्हा, परदेशी उत्पन्न वगळून ज्याचे उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे त्यालाच ती लागू राहिली. आणि अशा माणसाचेही परदेशातील वेतन करातून वगळले गेले. त्याच पंधरा लाखांच्या वरच्या वर्गासाठी भेटीची मुदत १८२ वरून १२० दिवसांवर आणली गेली.

दुसरा प्रसंग महामारीचा. मार्च २०२० मध्ये सुट्टीवर आलेले असंख्य लोक विमाने बंद झाल्याने अडकले. ८ मे २०२० च्या परिपत्रकाने २२ ते ३१ मार्च हे दिवस मोजणीतून वगळले, ते योग्यच झाले. पण पुढील आर्थिक वर्षात महिनोन्महिने अडकलेल्यांना तशी सरसकट सूट मिळाली नाही. ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकाने, दुहेरी कर बसत असल्यास ३१ मार्चपर्यंत अर्ज करा, एवढेच सांगितले. स्वेच्छेचा मुक्काम आणि सक्तीचा मुक्काम यांत कायद्याने भेद करावयास हवा होता. तो आपत्ती आल्यावर परिपत्रकाने नव्हे, तर आधीच मूळ कायद्यात असावा.

जुनी नाती, नवे कागद

याच जिल्ह्याने स्थलांतराचा आणखी एक अध्याय पाहिला आहे. पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावे धारण करणारे बेने इस्रायल कुटुंबीय शतकानुशतके येथे तेलाचे घाणे चालवीत राहिले आणि इस्रायलच्या स्थापनेनंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. इस्रायलच्या १९५० च्या कायद्याने त्यांना परतण्याचा हक्क, म्हणजे थेट नागरिकत्व दिले. आखाताने कोकणी कामगाराला जे कधीच दिले नाही, ते हेच. मॉरिशसमधील मराठी भाषकांचे पूर्वज तर एकोणिसाव्या शतकातच समुद्रापार गेले. २००५ पासूनच्या 'ओसीआय' योजनेने अशा भारतीय वंशाच्या मंडळींना आजन्म व्हिसा मिळू लागला आणि मॉरिशससाठी तो सातव्या पिढीपर्यंत देण्याचे मार्च २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र ही मंडळीही येथे अर्धे वर्ष राहिली, तर करनिवासी होतातच. त्यांना, तसेच अनिवासी भारतीयांना, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. पेण-पनवेल पट्ट्यातील जमिनीचे भाव पाहता, या एका नियमाचे अज्ञान किती महाग पडत असेल, याची कल्पना करता येईल.

हा विषय मूठभरांचा आहे, असे कोणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थांनी देशात ११८.७ अब्ज डॉलर पाठवले आणि त्यात सुमारे वीस टक्क्यांहून अधिक वाटा घेऊन महाराष्ट्र केरळच्याही पुढे राहिला. एवढी रक्कम पाठवणाऱ्यांना स्वतःच्या दर्जाविषयी दोन पानांची स्वच्छ मराठी माहिती मिळू नये, हे शोभादायक नाही. परदेशी नोकरीस निघणाऱ्यांसाठी परराष्ट्र खाते प्रस्थानपूर्व प्रशिक्षण देते. त्यात दिवसांची मोजणी, खात्यांचे प्रकार आणि परतीनंतरच्या सवलती यांचा एक तास समाविष्ट करणे अवघड नाही. दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्याला काही वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मिळते, हे किती जणांना ठाऊक आहे? प्राप्तिकर आणि परकीय चलन या दोन कायद्यांतील निवासाची व्याख्याही शक्य तितकी एक करावयास हवी.

धनिक मनुष्य सल्लागार नेमतो, व्हिसा विकत घेतो आणि आपला मुक्काम आपल्या सोयीने ठरवतो. कष्टकऱ्याचा मुक्काम ठरवतात मालक, विमानाचे तिकीट आणि घरातील आजारपण. कर दोघांनीही द्यावा. परंतु आपण कोठे राहतो, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. कासूच्या फलाटावर पेटी घेऊन उभ्या असलेल्या तरुणाला निघण्याआधीच ते कोणी तरी सांगितलेले असावे.