माजघरातील पहिला टीकाकार



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्या निबंधाच्या वहीवर गुण देत नसत. खाली तांबड्या शाईने एक प्रश्न लिहीत, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढचा निबंध लिहावयाचा नाही असा त्यांचा दंडक होता. टीका म्हणजे काय याचा धडा मी याच शाळेत घेतला. म्हणून आज तोच विषय निवडला आहे. मात्र मासिकांतून, वृत्तपत्रांतून होणाऱ्या समीक्षेबद्दल मी फार बोलणार नाही. तिच्यावर ग्रंथ आहेत. मला बोलावयाचे आहे ते घरच्या टीकेबद्दल. विशेषतः ज्या घरात सोवळेओवळे, व्रतवैकल्ये आणि पोथीपुराण हाच दिनक्रम असतो, अशा घरातून जो कोणी लेखक होऊ पाहतो त्याच्या वाट्याला येणाऱ्या टीकेबद्दल.

समीक्षक विचारतो, ‘कसे लिहिले आहे?’ घर विचारते, ‘लिहिलेस कसे?’ शब्द जवळजवळ तेच. पण पहिला प्रश्न लिखाणाला आहे, दुसरा लिहिणाऱ्याला. पहिल्याचे उत्तर पुढच्या पुस्तकाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर रात्रीच्या जेवणाच्या पंक्तीला द्यावे लागते.

मी स्वतः अशाच एका घरातला. वडील पुराणिक. चातुर्मासात देवळात पोथी सांगत आणि उरलेले महिने याज्ञिकी करीत. घरात छापील पुस्तके पुष्कळ होती, परंतु कादंबरी एकही नव्हती. महाविद्यालयात असताना, १९७१ साली, वार्षिक अंकात माझी एक कथा आली. एका केशवपन झालेल्या बालविधवेचे आयुष्य तिच्यात होते. तशी एक व्यक्ती, वडिलांची आत्या, आमच्याच घरात होती, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. एका स्थानिक साप्ताहिकात निनावी पत्र छापून आले की, पुराणिकाच्या मुलाने धर्माची अब्रू वेशीवर टांगली. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी संध्या आटोपल्यावर त्यांनी विचारले, “यात तू खोटं कुठं लिहिलंयस?” मी म्हणालो, “कुठंच नाही, अण्णा.” “मग उत्तर लिहीत बसू नकोस,” एवढेच बोलून ते पाटावर बसले. आत्याआजींनी माझ्या बहिणीकडून ती कथा दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “इतकंच होय? पुढचं लिहिलं नाहीस ते.”

येथवर ही गोष्ट सुखान्त वाटते. परंतु त्याच महिन्यात त्या बहिणीचे ठरत आलेले स्थळ मोडले. कारण कोणी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. बहिणीने हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. पुढे माझी दुसरी कथा छापून आली तेव्हा अंक पोस्टातून तिनेच सोडवून आणला.

हे सांगण्याचे कारण असे की, धार्मिक घराची टीका केवळ अज्ञानातून येते हा आपल्या सुधारक परंपरेचा एक आवडता समज आहे, आणि तो अपुरा आहे. अशा घरात लेखनाची किंमत लेखक एकटा मोजत नाही. ती आईला हळदीकुंकवाला मोजावी लागते, वडिलांना यजमानाच्या ओसरीवर, बहिणीला बोहल्याच्या अलीकडे. घर कुरकुरते, क्वचित हातही उगारते, त्यामागे पुष्कळदा हा हिशेब असतो. मराठीत अशा घरांतून ज्यांनी लिहिले, त्यांचे लेखन या हिशेबासह वाचले तर त्याच्या रूपातल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

सर्वांत जुने ठळक उदाहरण संत बहिणाबाईंचे. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. पती गंगाधर पाठक वैदिक ब्राह्मण आणि वयाने कितीतरी मोठे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि बहिणाबाईंना त्यांचा ध्यास लागला. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र मानलेल्या पुरुषाला गुरू करावे हे पतीला सोसवेना. त्यांनी मारहाण केली, घर सोडून जाण्याचे ठरविले. पुढे ते आजारी पडले, त्यांचे मन पालटले आणि कुटुंब देहूला आले. तेथे मंबाजीचा छळ वाट पाहतच होता. आपल्याला हे सारे कळते ते बहिणाबाईंनी स्वतः अभंगांतून सांगितले म्हणून. त्यांच्या आत्मनिवेदनात पतीची मारहाण लपविलेली नाही, आणि पतिव्रताधर्माचा पुरस्कारही सोडलेला नाही. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसते. मला तसे वाटत नाही. ज्या घरात राहावयाचे त्याच घराविषयी खरे बोलावयाचे असेल, तर ते देवाला उद्देशून बोलण्याची सोय अभंगाने करून दिली होती. आणि याच बहिणाबाईंनी संस्कृतातील वज्रसूचीचा विषय मराठी अभंगांत आणला, म्हणजे ब्राह्मण कोणास म्हणावे हा प्रश्न वैदिकाच्या माजघरातून विचारला. पतीच्या टीकेला याहून थेट उत्तर कोणते असू शकेल?

बेळगावच्या श्रोत्यांपुढे बाबा पदमनजींचा उल्लेख टाळता येणार नाही. ते येथलेच, जन्म १८३१, कासार ज्ञातीचे, देवधर्म निष्ठेने पाळणाऱ्या घरातले. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या स्थितीवरील कादंबरी लिहिली. त्यांची वाट वादाची होती. घर सुटले होते. त्यामुळे घरात राहून लिहिणाऱ्याची अडचण त्यांना उरली नव्हती. तरीही १८८४ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सोडून आलेल्या घराविषयी ते जे तपशिलाने लिहितात, ते मला त्यांच्या खंडनमंडनापेक्षा अधिक टिकाऊ वाटते.

रमाबाई रानड्यांची तऱ्हा अगदी निराळी. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या न्यायमूर्तींच्या घरी आल्या. पती शिकवीत होते. सासू, नणंद, घरातल्या इतर वडील बायका त्याच शिक्षणावरून बोलत होत्या. दिवसभर स्वयंपाकघरात ज्यांच्या हाताखाली वावरावयाचे त्यांची नापसंती, आणि रात्री पतीपुढे इंग्रजी पुस्तक, असे ते आयुष्य होते. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजी निवेदन वाचले, तेव्हा बाहेर कौतुक झाले आणि घरी टोमणे मिळाले. रमाबाईंनी त्या वेळी उलट उत्तर दिले नाही. ते दिले १९१० मध्ये, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकातून. नामदार गोखल्यांची प्रस्तावना त्याला आहे. शीर्षकातील पहिला शब्द पाहावा. ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’. पतीच्या चरित्राची सावली घेऊन स्वतःची हकीकत सांगण्याची ही युक्ती आहे, आणि तिच्यामुळे माजघरातील ते सर्व बोलणे, कोण काय म्हणाली, कोणी अबोला धरला, हे छापले गेले. कडवटपणा नाही, परंतु विस्मरणही नाही.

घर पाठीशी असले म्हणजे सारे सोपे होते, असे मात्र नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना वडिलांनी शिकविले होते. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले; त्यावर उठलेल्या टीकेत जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही त्यांचे दुसरे पुस्तक आपल्या हाती नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाले, तेव्हा कथांइतकीच चर्चा लेखिका कोण याची झाली. बाई असे लिहिणारच नाही, हा कोणी पुरुष असावा, असेही तर्क झाले. बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातल्या मालतीबाई बेडेकर, त्या नावाआड होत्या. त्यांचे माहेर कर्मठ नव्हते. तरी अविवाहित शिक्षिकेने सुशिक्षित मुलींची कोंडी लिहिली, तर तिच्या नोकरीचे आणि माणसांचे काय होईल, हा हिशेब त्यांनाही सुटला नाही. टोपणनावाला काही जण भित्रेपणा म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा ती किंमत स्वतः मोजून पाहावी.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे येतो. या विषयात माझे मन सर्वाधिक रमते ते त्यांच्यापाशी. जन्म १८६८, नाशिकजवळचे जलालपूर. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. मीठसुद्धा त्यातून सुटले नव्हते. घरातल्या मुलांचे बालपण या धुण्यात भिजून गेले. विवाह १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी झाला. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई अनेक वर्षे नातलगांकडे राहिल्या, मग पतीकडे गेल्या, तेथेही सोवळे एकदम सुटले नाही, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. अशा बाईविरुद्ध बोलण्यास कोणाला कारण नव्हते? जुने आप्त म्हणणार बाटली. नव्या मंडळींना तिच्या जुन्या सवयी खुपणार.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली. त्यात वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे ते वाचताना हसू येते. परंतु ते हसू वडिलांच्या विरुद्ध जात नाही. विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारीत असे की, हे कसे साधले? बाई विनोदी होत्या, एवढे उत्तर पुरत नाही. माझे निरीक्षण असे की, त्या न्याय देण्याची घाई करीत नाहीत. प्रथम मीठ धुतले कसे जाते ते सांगतात, कोणी आणले, कोणी ओतले, राहिले किती. आणि तेथेच थांबतात. सोवळे वाईट असे वाक्य त्यांना लिहावे लागत नाही. शिवाय हसण्याच्या धारेखाली त्या स्वतःलाही धरतात. जो लेखक स्वतःला वगळून घरावर हसतो, त्याला घर क्षमा करीत नाही, आणि माझ्या मते करूही नये.

दुसरी गोष्ट भाषेची. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण नव्हते. त्यांची मराठी आली ती ओव्या, कहाण्या, आरत्या आणि स्वयंपाकघरातील बोलणे यांतून. म्हणजे ज्या घराने लिहिण्याची वाट अडविली, त्याच घरातून. आमच्यासारख्या धार्मिक घरांतली पुष्कळ मुले पहिल्या टीकेच्या रागात ही भाषाही टाकून देतात आणि वृत्तपत्री मराठीत लिहू लागतात. मी चार दशके ही गळती वर्गात बसून पाहिली आहे. एक विद्यार्थिनी होती. घर अतिशय कडक. कविता जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीमागे लिहून आणी. “सर, नाव घालू नका,” ही तिची एकमेव अट असे. आईच्या जात्यावरच्या ओव्यांचा ठेका तिच्या ओळींत होता, आणि तो ‘जुनाट’ म्हणून काढून टाकावा असा सल्ला एका परीक्षकाने तिला दिला होता. मी तिला एवढेच सांगितले की, परीक्षकाला घर ठाऊक नाही आणि घराला कविता ठाऊक नाही. दोघांचे ऐक, पण ठेका राहू दे. तिचे दोन संग्रह निघाले, निराळ्या नावाने. ते नाव मी आजही सांगणार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे लिहितात त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हस्तलिखित छापावयास देण्यापूर्वी घरातल्या ज्या माणसाविषयी लिहिले आहे, त्याला ते वाचून दाखवावे. परवानगीसाठी नव्हे. आत्याआजींसारखे कोणी ‘पुढचे’ सांगते, आणि ते आपल्याला ठाऊक नसते. निनावी पत्रांना उत्तर देऊ नये. सही असलेल्यांना एकदाच द्यावे. आणि ‘हे खोटे आहे’ व ‘हे सांगावयाचे नव्हते’ या दोन आक्षेपांची गल्लत करू नये. पहिला आला तर पुन्हा तपासावे. दुसरा आला तर बहुधा आपण योग्य ठिकाणी पोहोचलो आहोत.

लक्ष्मीबाईंना आपल्या पुस्तकावरील सारे बोलणे ऐकावयास मिळाले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यानंतर निघाला. टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले होते. शाळेच्या ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ची प्रत असेल तर ती या आठवड्यात कपाटाबाहेर यावी, अशी माझी ग्रंथपालांना विनंती आहे.